पाच लाट्यांचं एक पान

पापड लाटायला मला कधीच आलं नाही. माझा पापड कडेला जाड आणि मध्ये फाटका व्हायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू कायतरी वाच गो. तुझे पापड आम्ही लाटतो." त्या दुपारपासून पोलादपुरातल्या आमच्या आळीत नियमच होऊन गेला. वाचणारीने लाटायचं नाही, आणि तिच्या वाट्याचे पापड बाकीच्यांनी लाटून द्यायचे. इतका चांगला सौदा मला आयुष्यात पुन्हा मिळालेला नाही.

मी तेव्हा महाडच्या एका शाळेत शिकवत होते. सकाळी एसटीने जायचं, दुपारी परत. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि बायकांनी लिहिलेल्या नव्या कादंबऱ्या महाडच्या वाचनालयात यायला लागल्या होत्या. मी त्यांच्यासाठी अक्षरशः वेडी झाले होते. त्याआधी पुस्तकांतून मला भेटलेल्या आया एकजात सोशिक. पदराने डोळे पुसणाऱ्या, उरलंसुरलं खाणाऱ्या आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात खोकून खोकून मरणाऱ्या. या नव्या पुस्तकांतल्या आया चिडायच्या, खोटं बोलायच्या, पोर रडत असताना दार लावून दहा मिनिटं गप्प बसून राहायच्या. घरातल्या माणसांनी वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं काहीबाही त्यांत भडाभडा बाहेर पडायचं. असं लिहिलेलं चालतं? मग इतकी वर्षं का नाही कुणी लिहिलं? एसटीत वाचताना मी मध्येच "हो ना!" असं मोठ्याने म्हणायचे आणि शेजारची बाई पिशवी आवळून धरायची.

वाचनालयात नवं पुस्तक आलं की माझी आणि तिथल्याच एका कचेरीतल्या बाईंची शर्यत लागायची. त्यांची कचेरी जवळ, माझी शाळा लांब. त्यामुळे शाळा सुटली की मी पळायचे. बाजारपेठेतून साडी नेसून पळणारी मास्तरीण लोकांच्या चांगली लक्षात राहते. पुढे कित्येक वर्षं महाडचे दुकानदार मला त्याच ओळखीवर ओळखायचे.

पडवीत सहा-सात बायका बसायच्या. पोह्याच्या पिठाचा कुटलेला गोळा, दोऱ्याने कापलेल्या लाट्या, तेलाची वाटी. पहिल्या वर्षी मी भीत भीत विचारलं होतं की पोथी वाचू का. सासूबाई म्हणाल्या, "पोथी श्रावणात हायेच की. माणसांचं वाच." मग काय, मी सुटलेच. बायका वाचू द्यायच्या तशा कमी आणि भांडायच्या जास्त. अमकीने नवऱ्याला सांगायला हवं होतं, तमकीच्या आईला अक्कल नाही, आणि ही लिहिणारी कुठली, हिला पोरंबाळं आहेत की नाहीत. मी वर्गात कधी इतकी रंगले नव्हते. सासूबाई मात्र वाद घालत नसत. त्यांना अक्षरओळख नव्हती. मान खाली घालून त्या लाटत राहायच्या आणि त्यांचा पापड सगळ्यांत पातळ असायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी एक कादंबरी आणली. तिच्यात एक तरुण विधवा दुसरं लग्न करते आणि लहान मुलीला पहिल्या सासरी ठेवून जाते. आपली आई जिवंत आहे हे त्या मुलीला तिसाव्या वर्षी कळतं, आणि मग आई तिच्या दारात येऊन उभी राहते. हे सगळं मी एसटीत पुढे वाचून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मी आई घर सोडते तिथपर्यंत वाचलं. सासूबाईंचं लाटणं थांबलं. मी ते पाहिलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. बघा, पुस्तकाची ताकद! मी आणखी जोर लावला, मुलीच्या रडण्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

संध्याकाळी मी वाळलेले पापड गोळा करत होते. शेजारच्या काकूंनी मला बाजूला ओढलं. त्या आणि सासूबाई एकाच वर्षी या आळीत नांदायला आलेल्या.

"ती गोष्ट बंद कर गो," त्या म्हणाल्या.

"का? आवडली नाही?"

"तुझ्या सासूचं तेच झालंय. हिचं पहिलं घर शिवथरच्या खोऱ्यात. नवरा गेला, मग बापानं तुझ्या सासऱ्याशी हिचा पाट लावून दिला. पोरगी त्या लोकांनी ठेवून घेतली. दोन वर्षांची व्हती. तुझ्या सासऱ्यानं अट घातली, त्या घराचं नाव काढायचं नाय. हिनं नाय काढलं."

"मग ती मुलगी कुठे आहे आता?"

"कापड्याला दिलीय. नातवंडं झाली असतील तिला."

कापडे म्हणजे आमच्याकडून एसटीने अर्धा तास. चाळीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मी तशीच आमच्या किराणा दुकानात गेले आणि नवऱ्याला विचारलं. तो शेंगदाण्याची पुडी बांधत होता. "मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "शाळेत एका पोराने भांडताना सांगितलं होतं. पण आईला कसं विचारणार?" आणि त्याने दोरा तोडला. म्हणजे त्याला ठाऊक, काकूंना ठाऊक, पडवीतल्या निम्म्या बायकांना ठाऊक. घराघरातली गुपितं वाचायला महाडच्या बाजारातून पळणाऱ्या मला तेवढं माझ्या घरातलं ठाऊक नव्हतं. मला स्वतःचा भयंकर राग आला.

पुस्तक बंद करावं तर बायका ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या आधीच पोळपाट मांडून बसल्या होत्या. मग मी मला सुचला तो उपाय केला. पुस्तकातल्या त्या आईला मी दोन वाक्यांत तापाने मारून टाकलं.

"मेली?" एकजण म्हणाली. "काल तर धडधाकट व्हती!"

"साथ आली होती," मी म्हटलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर पुन्हा तीच बाई. तेही उलटलं. त्याच्या पुढच्या पानावर मेलेल्या बाईला पत्र आलं. ते मी घाईघाईने तिच्या बहिणीच्या नावावर केलं, पण तिला बहीण आहे हे आतापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. मी घामाघूम झाले. मुलांनी उत्तरं ठोकून दिली की मी छडी उगारायचे, आणि आता माझी स्वतःची तीच गत.

सासूबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"तू पानं सोडतेस," त्या म्हणाल्या.

"नाही हो आई."

"तुझ्या एका पानाला माझ्या पाच लाट्या व्हतात. तीन वर्षं बघते मी. आज दोन झाल्या नाय की पान उलटतंस." त्यांनी तेलाचे हात पदराला पुसले. "ती बाई मेली नाय. लिवलंय तसं वाच."

काकू माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. सासूबाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "तोंडं कशाला पाडता गो? सगळ्यांना ठावं हाय. मला काय कळत नाय व्हय? मला एवढंच ऐकायचंय, ती पोरगी आईला घरात घेते का नाय."

आता मेले होते ती मीच. कारण मला ते पान पाठ होतं. त्या पुस्तकातली मुलगी आईला घरात घेत नाही. पुन्हा एकदा खोटं वाचावं, मुलीला दार उघडायला लावून मोकळं व्हावं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण समोर पाच लाट्या मांडून त्या बसल्या होत्या. एक ओळ इकडची तिकडे झाली असती तरी त्यांनी पकडली असती. मी मागची पानं काढली आणि त्या आईला पुन्हा जिवंत केलं.

त्या दुपारी मी जसं वाचलं तसं पुन्हा कधीच वाचलं नाही. आवाज काढले नाहीत, हातवारे केले नाहीत. घसा कोरडा पडला तरी थांबले नाही. पिठाच्या गोळ्यावर साय धरावी तसा कडक थर आला आणि कुणाचं लक्ष गेलं नाही. मला लाज वाटत होती, की इतक्या कठीण वेळीसुद्धा मला वाचायला विलक्षण आवडत होतं. आई एसटीतून उतरते. घर विचारत विचारत जाते. दारात उभी राहते. मुलगी तिला ओळखते, एक शब्द बोलत नाही, आतून पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवते आणि दार लावून घेते. आई पाणी पिते आणि माघारी निघते.

"कडू कारलं मेलं," काकू पुस्तकातल्या त्या मुलीला म्हणाल्या. दुसरीने लिहिणारीलाच चार शिव्या दिल्या. सासूबाईंनी लाटणं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, "पाणी दिलं ना तिनं?"

"दिलं," मी म्हटलं.

"मग झालं तर. उद्या मला कापड्याला ने."

रात्रभर त्या झोपल्या की नाही मला माहीत नाही, मी मात्र लग्नाच्या आदल्या दिवसासारखी उतावीळ होते. सकाळी सासूबाई घडीचं लुगडं नेसून माझ्या आधी स्टँडवर निघाल्या. कापड्याला उतरल्यावर घर कुणाला विचारावं लागलं नाही. पेरणीआधी राब भाजून काळी झालेली शेतं, पलीकडे चार घरं, त्यातलं दुसरं. त्यांना सगळं ठाऊक होतं.

अंगणात चाळिशी ओलांडलेली एक बाई भात वाळवत होती. कमरेवर हात ठेवून उभं राहायची लकब हुबेहूब सासूबाईंची. तिने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं, "बसा" म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. मला पुस्तकातलं ते पान आठवलं. पण ती आत वळली नाही, समोरच्या पायरीवर बसली.

"पोलादपूरच्या दुकानातल्या ना तुम्ही?" ती सासूबाईंना म्हणाली. "मी आलेली तिथं. एकदा लगीन झाल्यावर, एकदा थोरला पोटात व्हता तवा. साखर घेतली नि परत आले."

"दुसऱ्या खेपेला वळखलं मी तुला," सासूबाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाय?"

"मालक मागं बसलेले."

"ते जाऊन चार वर्षं झाली. आमालापण कळतं इकडं."

"भ्याले," सासूबाई म्हणाल्या. "तू हाकललं असतंस तर मी कुठं जाणार व्हते?"

भातावर बसलेली चिमणी तिने हाकलली. "पोलादपूर काय लांब नाय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. आवाज चढवला नाही, पण दुसऱ्यांदा मला तिच्याकडे बघवेना. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

चहा झाला. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले, "येतो आम्ही" म्हटलं. सासूबाईही खांबाला धरून उठल्या.

"थांबा," ती मला म्हणाली. आत गेली आणि कुंकवाची कुयरी, खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आली. "भावजय पहिल्यांदा दारात आलीय. तशीच कशी धाडू?"

मी पदर पसरला. मागे सासूबाई ओट्यावर खालीच बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं ती त्यांच्याजवळ जाईल. ती गेली नाही. खाली रस्त्यावरून आमची गाडी निघून गेली तरी तिथून कुणी हललं नाही. मग तिने माझ्या ओटीतला नारळ नीट ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "वयनी, आईला भाकरी चावते का? का भात टाकू?"

"भातच टाका," मी म्हटलं.