ओझरला वारा नव्हता

आमच्या घरात विमान आलं ते मुलामुळे. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तो आपला जुना कॉम्प्युटर, जॉयस्टिक आणि विमान उडवायचा खेळ वडिलांच्या गळ्यात मारून गेला. हे, म्हणजे माझे यजमान, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. सातपूरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेला माणूस घरी बसला की काय होतं, ते सोसलेल्या बायकांनाच कळेल. कुकरच्या शिट्ट्या मोजायचे, माझ्या फोडणीवर देखरेख करायचे. विमान आलं आणि मी म्हटलं, सुटले बाई.

त्याला खेळ म्हटलेलं यांना खपायचं नाही, सिम्युलेटर म्हणायचं. रोज दुपारी जेवण झालं की हे मुंबईहून निघायचे, इगतपुरीला घाट ओलांडायचे, सायखेड्यावर, म्हणजे स्वतःच्या गावावर, एक वळसा घालायचे आणि ओझरच्या विमानतळावर उतरायचे. गाव आलं की मला हाक. स्क्रीनवर नदीकाठी नुसते हिरवे-तपकिरी तुकडे दिसायचे, हे त्यात आमचा मळा दाखवायचे. मीही दिसला म्हणायचे.

एका बाबतीत मात्र फार कडक. त्यात हवामान आपल्या मनानं लावता येतं, ढग, पाऊस, वारा, हवं ते. नाहीतर खरं हवामान लावता येतं. त्या घटकेला ओझरला जे असेल तेच इंटरनेटवरून येतं. हे कायम खरंच लावायचे. पावसाळ्यात इगतपुरीवर समोरचं काही दिसायचं नाही, तरी बदलायचे नाहीत. मनासारखं हवामान लावून उतरणं म्हणजे पेपर फोडून पास होणं, असं त्यांचं म्हणणं. आणि उतरायचे इतके अलगद, की चाकं कधी टेकली ते कळू नये. शेवटी लेथवरचा हात. त्या हाताचा यांना अभिमान होता आणि खरं सांगायचं तर मलाही होता. माझ्या शिलाई मशीनच्या सुईत दोरा लग्नापासून यांनीच ओवला.

दिवाळीनंतर एका दुपारी मी मागचं आवरून आत आले, तर स्क्रीनवर विमान कटलेल्या पतंगासारखे गोते खात होतं.

"हे काय?"

"सराव," हे म्हणाले. "आडवा वारा लावलाय, मधे मधे जोराचे झोत. उद्या खरंच वादळात उतरायची वेळ आली तर?"

बाहेर थंडीतली गपगार दुपार होती. खिडकीचा पडदासुद्धा हलत नव्हता. असेल नवं खूळ, म्हणून मी सोडून दिलं.

पण मग रोजच वारा. खऱ्या हवामानाचं नावच नाही. त्याच दिवसांत हे घरी दाढी करायचे सोडून सलूनमध्ये जायला लागले. चहा अर्धा कपच दे म्हणायला लागले. सुईत दोरा ओवून द्या म्हटलं की यांना चष्मा सापडायचा नाही, आणि चष्मा कपाळावर. मला कळत होतं. कळूनही मी बोलत नव्हते, कारण बोललं की ते खरं होणार होतं. मला भीती वाटत होती.

एके दिवशी जेवताना यांच्या हातून आमटीची वाटी कलंडली आणि वर मलाच म्हणाले, इतकी गरम वाटी देतात का. वाटी गार होती. माझं डोकंच फिरलं. हे हात धुऊन विमानाशी जाऊन बसले, तशी खरकटं तसंच टाकून मी आत गेले आणि यांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"तो वारा बंद करा."

"अगं, सराव चाललाय."

"खरं हवामान लावा. मला बघायचंय."

यांनी जॉयस्टिकवरचा एक हात काढला. मग माउस हलवला. ओझरला आभाळ निरभ्र होतं आणि वारा नव्हता. धावपट्टीच्या कडेला केशरी कापडाची पिशवी असते, वारा सुटला की फुगते. ती काठीला लोंबत होती. आणि विमान तसंच डुलत होतं. डावीकडे, उजवीकडे, बारीक बारीक, थांबायचं नाव नाही. यांनी जॉयस्टिक दोन्ही हातांनी घट्ट धरली. तरी डुलतच होतं. चाकं टेकली ती पट्टीबाहेर, गवतात.

"वारा असला की कळत नाही," हे हळूच म्हणाले. "वारा कुठला आणि हात कुठला."

मी भांडायला गेले होते. यांच्या हातावर हात ठेवला, तर तो माझ्या हाताखालीही हलत होता.

डॉक्टरांनी कागदावर चकलीसारखं गोल गोल काढायला सांगितलं. यांनी जीव ओतून काढलं. चकलीला काटे आले. गोळ्यांनी थोडं आवरेल, डॉक्टर म्हणाले, पण जाणार नाही, वाढतच जाईल. बाहेर आल्यावर यांनी एकच सांगितलं, पोराला एवढ्यात कळू देऊ नकोस. रिक्षात मी घरापर्यंत भांडले. मुलापासून लपवायचं मला पटत नव्हतं, आजही पटलेलं नाही.

गुढीपाडव्याला मुलगा आला. श्रीखंडपुरी झाली आणि तो आवर्जून म्हणाला, "बाबा, लँडिंग दाखवा ना. फोनवर नुसतं ऐकतोय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी कधी कशासाठी मिनतवारी न करणारा माणूस.

मी पुढे झाले आणि माउस हातात घेतला. आडवा वारा लावला, झोत लावले, जेवढे लागतील तेवढे. विमान हेलकावत सायखेड्यावरून वळलं.

"आई, केवढा वारा लावलास," मुलगा म्हणाला. "कमी कर, बाबांना उतरू तरी दे."

"राहू दे," मी म्हटलं. "सवय आहे त्यांना."

विमान वेडंवाकडं खाली आलं आणि यांनी ते कसंबसं पट्टीवर टेकवलं. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

"एवढ्या वाऱ्यात," मुलगा म्हणाला, "हात काय स्थिर आहे बाबांचा."

विमान थांबलं तरी हे जॉयस्टिक सोडेनात, आणि मीही कॉम्प्युटर बंद करा म्हटलं नाही.