पाच ऑपरेटर, एक चावी

मुकादमाचा मोबाइल नंबर मी पाच माणसांची ओळख म्हणून सिस्टिममध्ये भरला. तपासला नाही.

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये मी आयटी बघतो. कुठला रंग किती ग्रॅम, ही रेसिपी म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं गुपित. कलर मास्टर रामदासअण्णा ती ठरवतात आणि रंगाच्या जेट मशीनवरच्या पाच ऑपरेटरांना पाठवतात. पूर्वी चिठ्ठीवर. मी शेठच्या गळी आयडेंटिटी-बेस्ड एन्क्रिप्शन उतरवलं. एरवी कुणाचं कुलूप कुठलं याची यादी सांभाळावी लागते. इथे माणसाचा नंबर हेच त्याचं कुलूप. अण्णांनी नंबर निवडला की निरोपाला कुलूप. उघडायची चावी आमचा सर्व्हर बनवतो आणि त्या नंबरच्या फोनला देतो. यामागचं गणित मी तासभर समजावलं. शेठना मध्ये डुलकी लागली, तरी थांबलो नाही.

दोन महिन्यांत आमची फिरोजी शेड शेजारच्या बमरोलीतल्या एका मिलच्या कापडावर दिसली. शेठनी अण्णांना आणि मला बोलावलं. मी छाती काढून सांगितलं, सिस्टिम फुटणं शक्य नाही, फुटला असेल तर माणूस. शेठ अण्णांकडे बघायला लागले. बावीस वर्षांची नोकरी. अण्णांनी ॲप्रन काढून टेबलावर ठेवला.

माझं म्हणणं सिद्ध करायला मी लगेच सर्व्हरवरचा चाव्यांच्या नोंदींचा लॉग उघडला. ऑपरेटर पाच, चावी एकच बनलेली. पाचही नावांपुढे एकच नंबर. तो लावला. मुकादमाने उचलला.

"पोरं सारखं सिम बदलतात भाऊ, म्हणून भरतीच्या फॉर्मवर माझाच नंबर असतो. रेसिपी आली की मी स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर टाकतो. पोरं बघून घेतात."

"ग्रुपवर अजून कोण आहे?"

"सगळं गाव. निम्मं बमरोलीत कामाला."

गणित कुणीच फोडलं नव्हतं. नंबर खरंच त्या माणसाचा आहे का, हे चावी देणाऱ्याने बघायचं असतं. चावी देणारा मी. शेठसमोर तसं कबूल केलं. अण्णांची नोकरी राहिली, फिरोजी गेली. आता माणूस समोर बसवतो, त्याच्या फोनला रिंग देतो, मगच चावी.

माफी मागायला खाली अण्णांच्या रंगखात्यात गेलो. ते हात पुसत म्हणाले, "साहेब, तुमच्या हाफिसातून इथवर सोळा पायऱ्या आहेत. पाच पोरांना नंबर इचारायला तुम्ही एकदाबी उतरले नाहीत. मला वाटलं, पाय दुखतात तुमचे."