दुसरी आवृत्ती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. एकीला सांगावं लागलं नाही, कारण तिला ते आधीपासूनच माहीत होतं — तिच्याकडे येतोच. पण तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढंच बरं आहे.

सुरुवात कुठून करू? पुस्तकापासून करतो, ते सोपं आहे.

खापा गावच्या एका शाळामास्तरांनी फार वर्षांपूर्वी एक विनोदी विज्ञान-कादंबरी लिहिली. आम्ही त्यांना नुसतं गुरुजी म्हणतो. त्यात एक सरकारी यान मंगळाकडे निघतं. यानात एक ओव्हरसियर, एक स्वयंपाकी आणि मोतीराम नावाचा यंत्रमानव. हा मोतीराम जगातल्या प्रत्येक गोष्टीला घाबरतो, अगदी स्वतःच्या बटणांनासुद्धा. मंगळावर पोचल्यावर कळतं की तिथे आधीच एक कार्यालय आहे आणि यांचा अर्ज तिथे 'अपूर्ण' असा शेरा मारून पडलेला आहे. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा टेलिफोन खात्यात नुकताच लागलो होतो. बसमध्ये वाचताना इतका हसलो की शेजारच्यानं उठून जागा बदलली.

पुस्तक एकदाच छापलं गेलं. एकदाच — हे लक्षात ठेवा.

प्रती संपल्या, गुरुजी गेले, छापणाऱ्याचा धंदा बसला. मग मी टेपरेकॉर्डर लावून अख्खी कादंबरी मोठ्यानं वाचून काढली. हौस, दुसरं काय? लकडगंजातल्या आमच्या दोन खोल्यांत, सुट्टीच्या दुपारी, आजूबाजूच्या लाकूड कापायच्या आरामशिनी बंद असताना. मोतीरामचा आवाज मी नाकातून काढायचो. कॅसेटी मित्रांनी नेल्या, मित्रांच्या मित्रांनी उतरवून घेतल्या, पुढे कोणीतरी त्या मोबाइलवर चढवल्या. आज या कादंबरीवर जीव टाकणारे जेवढे लोक आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्यांनी मला ऐकलंय. मला ते 'काका' म्हणतात, आणि काकांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आवडायचं मला ते. खोटं कशाला बोलू?

मग वेब सिरीज येणार असं कळलं आणि आमच्या ग्रुपची झोप उडाली. इतक्या वर्षांनी कोणी दखल घेतली म्हणून आनंद, आणि आता आपला मोतीराम सगळ्यांचा होणार म्हणून धास्ती. दोन्ही एकदम. लिहिणारी कोण तर तन्वी नावाची मुलगी, मौद्याची, वडील तिथल्या वीज केंद्रात. तिनं म्हणे आमच्या कॅसेटी ऐकल्याच नव्हत्या. गुरुजींच्या मुलीकडून तिनं थेट पुस्तक मिळवलं होतं. ग्रुपमध्ये यावर लोक नाकं मुरडत होते. पुस्तक वाचून आलेली मुलगी परकी, आणि न वाचलेले सगळे घरचे!

पहिला भाग आम्ही पंधरा-वीस जणांनी एकत्र पाहिला, एकाच्या गोदामात पांढरी चादर टांगून. काहींना यान फार चकचकीत वाटलं. काहींना मोतीरामचा आवाज जड वाटला. आणि मला? मला आवडलं हो. मनापासून आवडलं. अर्ज 'अपूर्ण' निघतो त्या प्रसंगाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींचं वाक्य न् वाक्य होतं त्यात. बाजूला बसलेला तोंड वाकडं करत होता म्हणून मीही हसू दाबलं.

शेवटी यान सूर्याकडे ओढलं जातं. सगळे देवाचं नाव घेतात. इथे मोतीराम विचारतो — "अजी, कूलरमंधी पाणी टाकलं का?"

हे आमचं वाक्य. लोकांनी ते टी-शर्टवर छापलंय. ग्रुपवर नमस्काराऐवजी तेच लिहितात. अख्खं गोदाम ते एका सुरात म्हणायला तयार बसलं होतं. आणि पडद्यावरचा मोतीराम नुसताच डोळे मिटून घेतो. दिवे लागले तेव्हा लोक अक्षरशः पेटले होते. पोरीनं पुस्तक वाचलंच नाही, वाचलं असतं तर हे सुटलं असतं का?

ते वाक्य पुस्तकात नाही.

पुस्तकात मोतीराम डोळे मिटून घेतो. ते वाक्य माझ्या बायकोचं, सुनंदाचं आहे. त्या दुपारी मी तो प्रसंग रंगात येऊन वाचत होतो आणि तिनं आतून ओरडून विचारलं. टेप चालू होता, टेप मागे घ्यायचा कंटाळा आला, म्हणून मी न थांबता तेच वाक्य नाकातून म्हटलं आणि पुढे जोडलं, "मोतीरामनं विचारलं." नीट कान दिलात तर आधी दुरून एक आवाज येतो. आमच्या लोकांनी त्याचाही अर्थ लावलाय — तो यानातला प्रतिध्वनी आहे म्हणे. प्रतिध्वनी आधी येतो का कधी? कोणीच विचारलं नाही.

तर त्या संध्याकाळी मी एवढंच म्हणायचं होतं. एक ओळ. लोक हसले असते, चार दिवस माझी टिंगल झाली असती. ग्रुपवर सगळे म्हणत होते, काका, तुम्ही बोला. मी बोललो. मी लिहिलं, 'मूळ कलाकृतीचा मान राखायला हवा होता.' शब्द हेच. माझ्या नावानं ते सगळीकडे फिरले.

दोन आठवड्यांनी तन्वी घरी आली. मे महिना, भर दुपार, तोंडाला दुपट्टा बांधून मौद्याहून स्कुटीवर. पिशवीत पुस्तक, पानापानात खुणेच्या चिठ्ठ्या. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, मी तीनदा वाचलं, मले नाही सापडलं थे वाक्य. तुम्ही पान सांगा ना. माहं चुकलं असंन तं मी सगळ्यांसमोर कबूल करीन."

ती आमच्या दिवाणावर बसली होती. माझी प्रत त्याच दिवाणाच्या आत होती, रजयांच्या खाली.

आणि मी म्हणालो, "ते दुसऱ्या आवृत्तीत आहे. गुरुजींनी स्वतः घातलं होतं. माझ्याकडे होती ती, वाळवीनं खाल्ली."

तीन वाक्यं. एका दमात. तिनं ती वहीत लिहून घेतली आणि माझे आभार मानले.

तिनं कबूलही केलं. आपण पहिल्याच आवृत्तीवरून काम केलं, अभ्यास कमी पडला, माफ करा, असं तिनं सगळ्यांसमोर लिहिलं. आमच्या लोकांनी खाली टाळ्यांची चित्रं टाकली. मीही टाकलं एक. पुढचे भाग लिहायचं काम तिच्याकडून गेलं. नवे लेखक आले, त्यांनी ते वाक्य पहिल्याच प्रसंगात घातलं. या कादंबरीचं पान न् पान मनापासून वाचलेली माझ्याखेरीज आमच्यात ती एकटी, आणि न वाचता लिहिणारी म्हणून नाव झालं ते तिचंच.

सुनंदा त्या दिवशी दारातच उभी होती, हातात चहाचा ट्रे. तन्वी गेल्यावर तिनं विचारलं, "काहून खोटं बोलले जी त्या पोरीसंग? थे तं मी म्हटलं होतं." मी पेपर उघडला. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. पण तेव्हापासून ती मला कूलरचं विचारत नाही. स्वतः बादली उचलते, बाहेर जाते, पाणी टाकते. या वयात. मी आत बसून तो आवाज ऐकतो, आणि उठून जायचीही लाज वाटते.

कारणं शोधली तर सापडतील. शोधत नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तन्वी अजून दुसरी आवृत्ती शोधते आहे. ती मिळाली तर निदान पुस्तक तरी नीट छापून आणता येईल, असं तिच्या मनात आहे. सावनेरचं वाचनालय झालं, सीताबर्डीची रद्दीची दुकानं झाली. कुठे गेली की मला कळवते, कारण मीच तिला वाट दाखवली ना? आज सकाळी तिचा मेसेज आला — 'काका, खाप्याले एका घरी जुन्या पुस्तकांच्या पेट्या आहेत म्हणते. ऊन खूप आहे, पण आजच जाऊन येते.'

मी चष्मा लावून तो पुन्हा वाचला. बाहेर सुनंदा कूलरमध्ये पाणी टाकत होती.

मग मी लिहिलं, 'तळापर्यंत पाहा.'