डेल्फियाने पूल मागितला

आमच्या सावरवुड खोऱ्यात एखाद्याच्या घरी दोन दिवस चूल पेटली नसेल, तरी तो दारात उभा राहून तुम्हालाच विचारणार, "जेवून जाता का?" मागायची आम्हाला सवयच नाही. कोळशाच्या खाणी चालू होत्या तेव्हा नव्हती, बंद पडल्यावर तर त्याहून नाही. केंटकीच्या डोंगरातली माणसं अशीच, आणि मी, एमरी कॉडिल, जन्मभर खाणीत वायरमन म्हणून राबलेला, त्यातलाच एक. म्हणून डेल्फिया नोबलने जे केलं ते डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर कुणी शपथेवर सांगूनही मला पटलं नसतं. ती मागायला निघाली. आणि तेही थेट वॉशिंग्टनकडे.

मागायचा होता पूल. आमच्या खोऱ्यात शिरायला वाट एकच, आणि तिच्या तोंडाशी ओढा. ओढ्यावरचा लोखंडी पूल माझ्या आजोबांच्या वेळचा. तो गंजत गंजत इतका खिळखिळा झाला, की काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सरकारने, पलीकडे हमरस्त्याच्या बाजूला पाटी ठोकली: तीन टनांवरचं वाहन नेऊ नये. झालं! तेव्हापासून जे जे जड ते ते पलीकडेच राहिलं. गॅसची गाडी पलीकडे, आगीचा बंब पलीकडे, ॲम्ब्युलन्स पलीकडे, आणि डेल्फियाची शाळेची बसही पलीकडे.

डेल्फिया बस चालवायची. उंचीने माझ्या खांद्याला येईल न येईल, पण त्या पिवळ्या बसच्या आरशात तिने नुसतं वर पाहिलं, की मागच्या बाकावरचा दांडगोबासुद्धा गप्प. माझ्या मुलाच्या दाढीत आता पांढरे केस आलेत, तरी ती दिसली की अजून तो डोक्यावरची टोपी काढतो. पाटी लागल्यावर ती बस पलीकडे उभी करायची, पुलावरून चालत अलीकडे यायची आणि पोरांना घेऊन परत जायची. मोठी पोरं पुढे-मागे, बारकी मध्ये. बर्फ पडो, ओढ्याला पाणी चढो, तिची ही फेरी चुकली नाही. पुलाच्या मध्यावर आलं की ती पोरांना गाणं म्हणायला लावायची. लोक म्हणायचे, पोरांनी घाबरू नये म्हणून. मला माहीत होतं कशासाठी ते, पण मी बोललो नाही. तिचा नवरा ऑर्बिन गेला तेव्हा तिथे तिच्यासोबत मीच होतो. त्याला पुरल्यावर ती लगेच बसवर रुजू झाली. त्यावर ती माझ्याशी कधी बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. शेजारी राहायचं तर असंच राहावं लागतं.

एका वसंतात ती माझ्या पडवीत येऊन बसली. म्हणाली, "एमरी, आपल्या खासदारांना दरवर्षी आपल्या भागातली थोडी कामं निवडता येतात. निवडलं, तर त्याला वॉशिंग्टनहून पैसा मिळतो. काउंटी सही करायला तयार आहे. पण खासदारांची कचेरी म्हणते, गावाला खरंच हवंय का, ते गावाने सांगायला पाहिजे."

"म्हणजे सरकारपुढे हात पसरायचा?"

"आपलेच कर आहेत की रे. स्वतःच्या कणगीतला मका काढायला कसली लाज?"

"कणगी वॉशिंग्टनला आहे, डेल्फिया. तिथले उंदीर आपल्याहून मोठे."

ती हसली नाही. "उंदीर असोत नाहीतर डुकरं. मी विचारणार," म्हणाली आणि माझी कॉफी तशीच ठेवून उठली.

दर सोमवारी पोरं शाळेत सोडली, की ती खासदारांच्या कचेरीत फोन लावायची. भांडण नाही, रडगाणं नाही. "नमस्कार, सावरवुडहून डेल्फिया बोलतेय. पुलाचं काय झालं?" बास, एवढंच. तिने सफरचंदाच्या मुरांब्याची बरणीही पाठवून दिली. 'आम्हाला भेटी घेता येत नाहीत' अशा चिठ्ठीसकट ती परत आली. मग तो मुरांबा मी खाल्ला. सरकारकडून मला मिळालेली गोड गोष्ट म्हणाल तर तेवढीच.

शेवटी कचेरी वाकली. केंड्रा व्हिटलो नावाची एक बाई पूल बघायला आणि लोकांचं ऐकायला येणार असं ठरलं. रविवारी दुपारी, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, तिथेच सभा.

आता इथे आम्ही जे केलं ते आमच्याशिवाय जगात कुणी केलं नसतं. शनिवारी आम्ही गडी माणसं जमलो. पाहुणी येणार, आणि पूल हा असा ओंगळ? आपली काही इभ्रत आहे की नाही? कुजक्या फळ्या काढून नव्या ठोकल्या. खड्ड्यांत खडी भरली. आणि माझ्याच कोठारातला पांढरा रंग काढून दोन्ही कठडे असे झकास रंगवले, की नवरी उभी करावी तिथे. बायकांनी कोंबडीचा रस्सा, राजम्याची आमटी, मक्याची भाकर आणि वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक केला.

रविवारी डेल्फियाने तो पूल पाहिला. मग माझ्याकडे वळली.

"कुणाची अक्कल ही?"

"सगळ्यांची," मी म्हटलं.

"म्हणजे तुझीच. आजारी माणसाला डॉक्टरकडे नेताना पावडर-लाली लावतोस का रे तू, एमरी?"

केंड्रा आली. तिशीची असेल, चेहऱ्याने भली, पायात शहरी बूट. तिचं पहिलं वाक्य, "अरे वा, पूल तर छान दिसतोय!" डेल्फियाने डोळे मिटून घेतले. मी आपला पायातल्या बुटांकडे बघत राहिलो.

जेवणं झाली आणि केंड्राने वही उघडली. "पुलामुळे तुम्हाला काय काय त्रास होतो, मोकळेपणाने सांगा."

मग आयसी नेपियर, वयाने सगळ्यांत थोरली, उठली. "त्रास कसला, बाळ? माझं घर जळालं खरं, पण ते जुनंच होतं. उंदीरही झाले होते." आणि बसली. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेला व्हर्जिल साइझमोर म्हणाला, "माझं बरं चाललंय. दम लागतो, पण तो खाणीतल्या धुळीने, पुलाने नाही." मग मी उठलो. "मॅडम, आमच्याहून वाईट हाल असलेले कितीतरी असतील. त्यांना आधी द्या." मागून कुणीतरी 'आमेन' म्हणालं. माझी छाती फुगली.

केंड्राने पेन खाली ठेवलं. लिहून न्यायला तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. एवढे फोन, एवढं सगळं, आणि आम्ही आमच्या सभ्यपणाने त्यावर बोळा फिरवला होता.

डेल्फिया उठून पुढे गेली. तिने आमच्यावर नजर फिरवली, बसच्या आरशातली तीच नजर. तिथले निम्मे लोक तिच्या बसमध्ये वाढलेले. सगळे ताठ बसले.

"स्वतःबद्दल आता कुणी एक अक्षर बोलायचं नाही," ती म्हणाली. "शेजाऱ्याचं सांगायचं. आयसीचं व्हर्जिलने सांगायचं, व्हर्जिलचं आयसीने. आणि झाकपाक करायची नाही. मी इथे उभी आहे."

व्हर्जिल दम घेत उठला. "आयसीचं घर जळालं ना, तेव्हा बंब आला होता. पलीकडे उभा होता. भोंगा वाजत होता, पाणी होतं, माणसं होती. पाइप पोचेना. बंबावरची ती पोरं ओढ्याच्या काठावर उभी राहून रडत होती, मॅडम. आणि ही बाई आईच्या हातची एक गोधडी उराशी धरून घराकडे बघत होती. आता भावाच्या स्वयंपाकघरात झोपते. भाऊ खडूस आहे."

"खडूस नाही," आयसी म्हणाली.

"तुझी पाळी आली की बोल."

तिची पाळी आली. "ह्याच्या ऑक्सिजनच्या टाक्या गाडीवाला पलीकडे ठेवून जातो. हा एकेक आणायला जातो. चार पावलं चालतो आणि कठड्याला धरून उभा राहतो. पुन्हा चार पावलं. भावाच्या खिडकीतून दिसतं मला. हा पठ्ठ्या परत येईपर्यंत माझी भाकर तव्यावर करपते."

व्हर्जिल तिच्याकडे बघतच राहिला. "तू बघत असतेस?"

"दर वेळी. पडलास तर कुणीतरी पळायला नको?"

मग बांध फुटला म्हणा. जो तो दुसऱ्याचं सांगायला लागला. कुणाची लेक बाळंतपणाआधीच गावात जाऊन राहिली, कोण म्हातारा गॅसचं सिलिंडर ढकलगाडीतून आणतो, कुणी लाकडं जाळून हिवाळा काढला. जन्मभर एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून राहिलेली आम्ही माणसं, आणि कुणाचं काहीच कुणापासून लपलेलं नव्हतं. फक्त तोंडाला कुलूप होतं. डेल्फियाने एका वाक्यात ते उघडलं. खाणीत मी छत कोसळताना पाहिलंय, त्याखालून माणसं जिवंत निघताना पाहिलीत, पण त्या दुपारसारखं काही पाहिलं नाही.

शेवटी सगळे थांबले. केंड्राने हळूच विचारलं, "आणि डेल्फियाबाईंचं?"

"माझं राहू दे," डेल्फिया म्हणाली.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तिचा शेजारी मीच. नियम तिचाच. मी उठलो.

"ऑर्बिन, हिचा नवरा," मी म्हटलं. "जानेवारी होता. त्या आठवड्यात पुराने पुलाच्या दोन फळ्या नेल्या होत्या. गाडी जात नव्हती, पायीच वाट. दुपारी ऑर्बिनच्या छातीत कळ आली. पुलापर्यंत आम्ही त्याला माझ्या गाडीतून आणलं. पुढे माझ्या घराचा दरवाजा बिजागरीतून काढून आणला होता, त्यावर निजवलं. पुढून ही, मागून मी. पलीकडे ॲम्ब्युलन्स आली होती. दिवा फिरत होता. तिथली माणसंही आमच्याकडे पळत सुटली होती. ऑर्बिन म्हणाला, 'डेल, दिवा दिसतोय गं.' पुलाच्या मध्यावर. तिथेच गेला तो. ही पाठमोरी, त्यामुळे हिला कळलं नाही. ही चालत राहिली. म्हणत राहिली, 'आलोच, ऑर्बिन, आलोच.' मला माहीत होतं. मी बोललो नाही. पलीकडे टेकेपर्यंत नाही बोललो."

मी डेल्फियाकडे न बघता पुढे बोलत राहिलो.

"त्याच जागेवरून ही रोज पोरं नेते. तिथे आलं की गाणं म्हणायला लावते. पोरांसाठी नाही ते. ह्या बाईने पुलासाठी इतके फोन केले, त्यात हे एकदाही सांगितलं नाही." मी केंड्राकडे वळलो. "मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही, मॅडम. माझ्या बापानेही नाही. पण हिच्यासाठी मागतो. पूल द्या."

डेल्फिया खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "एमरी, खाली बस आता."

निघण्यापूर्वी केंड्रा एकट्या डेल्फियाला बरोबर घेऊन पूल पाहायला गेली. दोघी मध्यावर बराच वेळ उभ्या होत्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. केंड्रा परत आली तेव्हा तिच्या कोटाची बाही पांढऱ्या रंगाने माखली होती. तिने बाहीकडे पाहिलं, मग कठड्याकडे, मग आम्हा गड्यांकडे. आम्ही एकजात आकाश बघायला लागलो. आणि ती बाई डोळे पुसत पुसत जी हसत सुटली!

त्या वर्षी आमचं काम शेवटच्या यादीतून गळलं. खोऱ्यात सुतक आल्यासारखं झालं. डेल्फियाने पुढच्या सोमवारी पुन्हा फोन लावला. "नमस्कार, सावरवुडहून डेल्फिया बोलतेय." दुसऱ्या वर्षी काम यादीत राहिलं, पैसा मंजूर झाला. मग यंत्रं आली, माणसं आली, जुनं लोखंड उचलून नेलं आणि सिमेंटचा रुंद पूल उभा राहिला. काउंटीचे प्रमुख म्हणाले, पहिली गाडी डेल्फियाबाईंची जाईल. ती म्हणाली, "माझ्याकडे गाडी कुठली? बस आहे." आणि मला म्हणाली, "चल. पुढच्या बाकावर बस. गडबड करायची नाही."

दुपारी शाळा सुटल्यावर पोरांनी भरलेली बस पुलाशी आली. सवयीने तिने तोंडाशीच थांबवली. सवयीने पोरं उठली, दप्तरं पाठीला लावली. मीही उठलो होतो.

तिने आरशात पाहिलं. "बसा सगळे. आज कुणी उतरायचं नाही."

बस पुलावर चढली. मध्यावर आली तेव्हा पोरांनी आपोआप गाणं धरलं. ती जागा मी बरोबर ओळखली, सिमेंटखाली गेली तरी. गाण्याची पहिली ओळ संपायच्या आत आम्ही अलीकडे होतो.

डेल्फियाने बस कडेला घेतली आणि ब्रेक लावला. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून ती समोर बघत राहिली.

"एवढंच होतं का रे, एमरी?" तिने विचारलं. "इकडून तिकडे, एवढंच?"

"हो," मी म्हटलं. "एवढंच होतं."