माझं निर्व्यसनी तोंड

आमच्या घरात निर्व्यसनी माणूस एकच, ते म्हणजे मी. मालकांच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी कायमची. ते ओट्यावर बसून तंबाखू मळायला लागले की मी आत भांडी आपटायचे. गावात व्यसनमुक्तीची फेरी निघाली तेव्हा फलक धरून सगळ्यांत पुढे मीच होते. निघण्याआधी नेहमीसारखी दातांना मशेरी लावून घेतली होती. चारचौघांत घोषणा द्यायच्या तर तोंड स्वच्छ हवं.

मशेरी म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरलेली. भाजायचे मीच, ठसकाही मलाच लागायचा, तरी ती तंबाखू आहे हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. पुरुष खातात ती तंबाखू आणि बायका लावतात ते दंतमंजन, असा माझा सरळ हिशेब. सकाळी लावायची, दुपारची भांडी झाली की लावायची, शेजारीण येऊन टेकली तर तिच्या सोबतीला पुन्हा. इतके घासलेले दात अख्ख्या वेल्हे तालुक्यात दुसऱ्या कुणाचे नसतील.

वेल्ह्याला तोंड तपासायचं शिबिर लागलं, तेव्हा मार्गासनीहून एसटीत बसवून मालकांना मीच ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं तोंड पाहिलं. तंबाखू सोडा म्हणाल्या, बाकी सगळं ठीक होतं. खोटं कशाला बोलू, माझा जरा हिरमोडच झाला.

"मावशी, तुमचंही बघू का?"

"मला न्हाई बाई कसलं व्यसन. निस्ती मशेरी लावते."

त्यांनी बॅटरी धरली. गालाच्या आत, माझं बोट रोज फिरायचं तिथंच, पांढरा चट्टा होता. पुसून जाईना.

पुण्यात तुकडा काढून तपासला. अजून कॅन्सर नाही, पण अशा चट्ट्याचा होऊ शकतो. मशेरी बंद करा, आणि चट्टा वाढला किंवा लाल झाला तर लगेच या, असं सांगितलं. व्यसन सोडायला नुसतं मनावर घ्यावं लागतं, हे मी मालकांना कितीदा सुनावलं होतं. पहिल्याच दिवशी गोठ्यात जाऊन चोरून बोट लावून आले. म्हशीकडे बघायचीसुद्धा लाज वाटली. मग डबा उकिरड्यात ओतला, मालकांनीही त्यावर आपली पुडी टाकली. आता दोघं बडीशेप चघळतो आणि एकमेकांवर खेकसतो.

रोज सकाळी मी अंगणात आ करून बसते आणि मालक मोबाईलची बॅटरी मारून आत बघतात. या माणसाला मी जन्मात माझ्यापुढं तोंड उघडू दिलं नव्हतं. "हाय तेवढाच हाय," म्हणतात. ते ऐकेपर्यंत मला फार भीती वाटते. मग मी उठून चहा टाकते.

काल त्यांनी जरा जास्तच वेळ बघितलं.

"चष्मा इसरला का काय?" मी म्हणाले.

चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांनी बॅटरी बंद केली. मी चहा टाकायला उठले.

"चा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लुगडं बदल. पुण्याची येष्टी गाठू."