मोगऱ्यापाशी थांबणारी बाई

बहात्तरचा दुष्काळ लांबला होता, तरी त्या चैत्रात आमच्या वाशीमच्या घराच्या अंगणात मोगरा फुलला. भांडी विसळलेल्या पाण्यावर मी तो जगवला होता.

दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी एक बाई रोज सकाळी आमच्या कुंपणाशी थांबायची. डोक्यावर टोपलं आणि बोटांना चिंध्या बांधलेल्या. तहान लागत असेल म्हणून एकदा मी तिला तांब्याभर पाणी दिलं. अर्धं ती प्यायली आणि उरलेलं तिनं मोगऱ्याच्या बुडाशी ओतलं.

“अहो, सगळं प्या ना!” मी म्हणाले.

“मी कोठंबी मांगून पेईन, बाई. त्याले मांगता येते काय?”

तिच्या गावी, रिठदला, दारचा मोगरा विहीर आटल्यावर वाळून गेला होता, असं तिनं सांगितलं. मी ओंजळभर फुलं तोडून दिली. ती तिनं पदरात बांधली.

“एक तरी केसात घाला.”

“संगातल्या बायाले देल्याबिगर?” म्हणत ती निघाली.

दुपारी मी त्यांचं काम चाललेल्या रस्त्यानं गेले. खडीच्या ढिगाशी बायका बसल्या होत्या. सगळ्यांचे केस धुळीनं पांढरे झाले होते आणि प्रत्येकीच्या अंबाड्यात मोगरा होता. त्यांच्यातली ती कोणती, हे मला लांबून ओळखू आलं नाही.