ताट वाजवून बघितलं होतं

आमच्या घरी लेकराला ऐकू येतं का न्हाई, हे ताट वाजवून बघतात. माझी पोरगी हाक मारली तरी वळेना, तवा सासूबाईंनी तिला बाजेवर बसवलं आणि मागून पितळी ताट बाजेच्या कडेवर धाडकन आपटलं. पोरगी वळली. "बघ! उगं लेकरात खोट काढू नको," त्या म्हणल्या. मलाही तेच पाहिजे होतं.

पण पोरगी वर्षाची झाली तरी तिच्या तोंडून 'आई' निघेना. शेवटी पालमच्या डॉक्टरांनी परभणीला पाठवलं. कानाची तपासणी झोपेत करतात, म्हणून लेकराला जागं ठेवून आणा म्हणाले. आता एसटीत बसल्यावर कोणतं लेकरू जागं राहतंय? मी अन् सासूबाई तिला हलवून, गुदगुल्या करून बेजार झालो, अन् ती गंगाखेडपासून ढाराढूर. परभणीत उतरल्यावर मात्र टक्क जागी!

मग तिचं वजन करून, त्या मापानं झोपेचं औषध पाजलं. तपासणाऱ्या बाईंनी तिच्या कपाळाला अन् कानामागं तारा चिकटवल्या. सासूबाई भडकल्या, "डोक्याला तारा लावायलेत, अन् म्हणं काही होत न्हाई! करंट बसला म्हणजे?"

"आजी, यात करंट देत नाहीत. सुई नाही, काही नाही. कानात फक्त आवाज सोडतो, तो मेंदूपर्यंत पोचतो का, ते तारा सांगतात. तिला काहीसुद्धा होणार नाही."

सासूबाईंना बाहेर बसवलं. मी पोरीजवळ. तिच्या कानातल्या बारक्या नळीतून टकटक सुरू झाली. आधी मला काहीच ऐकू येत नव्हतं. बाई आवाज वाढवत गेल्या, तसं मलाही यायला लागलं. मग इतकं, की माझंच अंग शहारलं. पोरगी शांत झोपलेली. आत येताना मी देवाला म्हणलं होतं, माझ्या लेकराला काही होऊ देऊ नको. आता मनातल्या मनात ओरडत होते, उठ गं बाई, एकदा तरी दचक, रड, काहीतरी कर! बाईंनी दुसरा कान घेतला. तिथंही तेच.

डॉक्टरांना मी ताटाचं सांगितलं. ते म्हणाले, "बाज हादरली असेल, म्हणून वळली." कानाला मशीन लावू, पुढं ऑपरेशनचंही बघू, असं लय काही सांगत होते. माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं.

बाहेर आल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, "लय तरास झाला का गं लेकराला?"

"न्हाई आत्या. काहीच झालं न्हाई तिला," मी म्हणलं, अन् तिथंच बसून रडले. त्यांना कळलं.

स्टँडवर एसटी मागं घेताना ड्रायव्हरनं कर्कश हॉर्न वाजवला. लग्नात बँड वाजला, फटाके फुटले की सासूबाई नेहमी करायच्या तसे त्यांचे दोन्ही हात पटकन पोरीच्या कानांवर गेले. मग त्यांच्याही ध्यानात आलं. माझ्याकडं बघितलं त्यांनी. हॉर्न थांबला, एसटी लागली, लोक चढायला लागले, तरी त्यांनी हात काढले न्हाईत. मीही काढा म्हणले न्हाई.